चेंबर सांभाळा, बॉस!

पिकअप घेतली, फोर बाय फोरचं बटण मित्रांना दाखवून झालं, वीकेंडला मातीतही घातली. पण गाडीच्या पोटाकडे कधी वाकून पाहिलंय? बदलापूरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन रविवार खर्चून, घरच्या घरी बसवलेल्या स्किड प्लेटची ही हकीकत.

मागच्या पावसाळ्यातला शनिवार. रात्रीचे साधारण सव्वानऊ. बारवी धरणाच्या बाजूने आम्ही बदलापूरला परतत होतो. स्टिअरिंगवर दादा, म्हणजे माझा मावसभाऊ. शेजारी वहिनी. मागे मी, मावशी आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलेली चार वर्षांची भाची. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो, हे फक्त चाकांनाच कळत होतं. तेवढ्यात खालून 'ठक्क' असा आवाज आला आणि गाडीतल्या गप्पा बंद.

"काही नाही गं, दगड होता," दादा म्हणाला.

अर्ध्या मिनिटात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चित्र असतं ना, तो. दादाने गाडी तिथल्या तिथे बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मोबाइलच्या उजेडात खाली पाहिलं, तर काळ्या तेलाचा ओघळ चिखलातून वाट काढत चालला होता. मोबाइलला रेंज नाही, रिक्षा नाही, मागेपुढे एक दिवा नाही. दिवसा ज्या वळणावर थांबून आपण फोटो काढतो ना, तेच वळण रात्री झोपलेलं पोर आणि गुडघेदुखीवाली मावशी सोबत असताना कसं दिसतं, ते त्या दिवशी कळलं. टोइंगची गाडी यायला मध्यरात्र उलटली.

गॅरेजवाल्याने एका वाक्यात निकाल दिला. "चेंबर फुटला. पण इंजिन वाचलं, नशीब समजा."

घरी आल्यावर काका, म्हणजे दादाचे बाबा, एवढंच म्हणाले, "गाडी घेताना खाली काय लावलंय, बघितलं होतंस का?"

दादाने बघितलं नव्हतं. सनरूफ नाही म्हणून मात्र त्याने डीलरशी अर्धा तास वाद घातला होता.

चेंबर म्हणजे काय रे भाऊ?

पुस्तकी भाषेत त्याला ऑइल सम्प म्हणतात. आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात तो चेंबरच. इंजिनच्या तळाशी बसवलेला तसराळ्यासारखा डबा, ज्यात इंजिन ऑइल साठतं. पंप ते वर खेचतो, फिरणाऱ्या भागांवर फिरवतो आणि ते पुन्हा खाली येतं. डबा कधी पातळ पत्र्याचा असतो, कधी ओतीव अॅल्युमिनियमचा. पत्रा चेपतो, ओतीव अॅल्युमिनियम तडकतं. दोन्हींना दगड आवडत नाही.

तो लाल दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, ऑइलचं प्रेशर गेल्याचा असतो. फरक मोठा आहे. प्रेशर गेलं की बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासायला लागतो आणि इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' असं म्हणणारे पुढे नवं इंजिन शोधत फिरतात. दादाने चावी फिरवली म्हणून त्याचं बिल चेंबर, गॅस्केट, ऑइल आणि टोइंगवर थांबलं. तरी गाडीचा एक हप्ता त्यात गेलाच.

स्किड प्लेट म्हणजे या चेंबरच्या खाली, थोडं अंतर राखून बसवलेली जाड धातूची ढाल. दगड आला तर तो प्लेटवर घसरून मागे जावा, चेंबरला शिवू नये, इतकाच फंडा. नाव 'स्किड' आहे ते उगाच नाही. ती दगड अडवत नाही, त्याच्यावरून घसरते. म्हणूनच तिचा पुढचा ओठ वर वळवलेला असतो. सरळ कापलेली धार पुढे आली, तर ती दगडात नांगरासारखी रुतेल आणि धक्का सगळा बोल्टवर येईल.

आता तुम्ही म्हणाल, पिकअपला तर एवढा उंच ग्राउंड क्लिअरन्स, तिला याची गरज काय? अहो, उंच असते म्हणून तर आपण ती नको तिथे घालतो!

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजी, नाहीतर सिमेंटच्या गोण्या, असं समीकरण वर्षानुवर्षं होतं. स्कॉर्पिओ गेटअवे २००७ मध्ये आली, टाटा झेनॉन २००९ मध्ये, इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. मग सोमवार ते शुक्रवार लोकलला लटकणारी आणि शनिवारी मागच्या हौद्यात सायकली, तंबू, कोळशाची शेगडी टाकून निघणारी मंडळी दिसायला लागली. दादा त्यातलाच एक. ऐरोलीत आयटीत नोकरी, बदलापूर पूर्वेला टू-बीएचके, खाली पार्किंगमध्ये सेकंडहँड डबल केबिन डिझेल पिकअप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की दुसऱ्या कंपनीचे भक्त भांडायला येतात.

आणि आमचा भाग म्हणजे या हौसेला आमंत्रणच. नेवाळी नाक्यावरून मलंगगडाचा पायथा, बदलापूरहून कोंडेश्वर, बारवीवरून मुरबाड आणि पुढे माळशेज. पण चेंबर फुटायला जंगल लागतं असंही नाही बरं का. पाण्याखाली दडलेलं गटाराचं उघडं झाकण, काँक्रीट आणि डांबर जिथे जुळतं तिथली पायरी, रातोरात उगवलेला स्पीडब्रेकर... कल्याण ते बदलापूर रोज गाडी चालवणाऱ्याला विचारा.

चला उल्हासनगरला

आमच्याकडे एक म्हण आहेच, जगात कुठे न मिळणारी वस्तू उल्हासनगरला मिळते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं हे शहर. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण पत्ते आजही कॅम्प नंबरनेच सांगतात, एक ते पाच. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या बाबांच्या पिढीपासून चालत आलाय.

गाडीच्या अॅक्सेसरीजच्या एका दुकानात आम्हाला तीन प्लेट दाखवल्या. एक लालभडक, एक काळी, एकीवर इंग्रजी अक्षरांची कापलेली जाळी. दिसायला सॉलिड! दादाचे डोळे चमकले.

"युनिव्हर्सल है साहब, सब गाडी में लगता है."

काकांनी लाल प्लेट हातात घेतली आणि मधोमध अंगठ्याने दाबली. प्लेट वाकली. त्यांनी ती परत ठेवली आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. संपली खरेदी.

काका कोण, ते सांगायला हवं. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत त्यांनी फिटर म्हणून उभी नोकरी केली. शेजारची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि ही, दोन्ही संरक्षण खात्याच्या. २०२१ मध्ये देशातल्या सगळ्या आयुध निर्माण्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा ऑर्डनन्स फॅक्टरी 'यंत्र इंडिया'कडे गेली आणि प्रोटोटाइप 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे. काका त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. अंबरनाथमध्ये अशा काकांची एक अख्खी पिढी आहे. शंभर मीटरवरून आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतील, पण मोबाइलवर बिल भरायला नातवंडं लागतात. दादा लहान असताना त्याला फॅक्टरीत घ्यायची त्यांची फार इच्छा होती. दादाने कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे हवा, पाणी आणि पेपर, एवढंच.

त्या दिवशी उल्हासनगरहून परतताना विठ्ठलवाडीच्या सिग्नलला काका म्हणाले, "पुठ्ठा आहे का घरी मोठा?"

पहिला रविवार : पुठ्ठा, पाना आणि पेव्हर ब्लॉक

पुठ्ठा होता. फ्रिजचा खोका माळ्यावरून उतरवला. प्लेट बनवायची तर आधी पुठ्ठ्याचा साचा बनवायचा, हे इतकं साधं आणि इतकं उपयोगी आहे की मला आधी ते गंमतच वाटलं. पुठ्ठा चुकला तर कात्रीने कापता येतो. तीन मिलिमीटर पोलाद चुकलं तर रविवार जातो.

पण साचा घ्यायला गाडीखाली जायला हवं आणि इथे या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो.

दादाने उत्साहाच्या भरात गाडीसोबत आलेला जॅक लावला, पुढची बाजू उचलली आणि टॉर्च घेऊन अर्धा आत शिरलासुद्धा. काका जिन्यावरून उतरत होते. मी त्यांना इतक्या मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"बाहेर ये आधी!"

दादा बाहेर आला, तोंड वाकडं करून. "बाबा, दोन मिनिटांचं काम होतं."

काका काही बोलले नाहीत. शेजारच्या गॅरेजातून दोन जॅक स्टँड मागून आणले. मागच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. स्टँड चासीच्या खाली, दोन्ही बाजूंना, प्लायवूडच्या तुकड्यांवर. वर आणखी स्टेपनी काढून चासीखाली आडवी सरकवली.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही."

दहाएक मिनिटं झाली असतील. दादा पाने काढत होता, मी पुठ्ठ्यावर रेघा मारत होते. जॅक अजून तसाच लावलेला होता. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांच्याखालची माती पावसाने भुसभुशीत झालेली. जॅकखालचा ब्लॉक एका कडेने खचला, जॅक तिरका झाला आणि गाडी 'धप्प' करून दोन बोटं खाली आली. स्टँडवर थांबली.

कुणी काही बोललं नाही. पिकअपचं वजन दोन टनांच्या आसपास असतं. वहिनी वरून गॅलरीतून विचारत होती, काय पडलं, काय पडलं? वॉचमन धावत आला. काकांनी हात पुसले आणि म्हणाले, "चहा घेऊ या."

चहा होईपर्यंत दादा स्टँडकडेच बघत बसला होता.

तर मंडळी, घरी करायचं असेल तर आधी दोन स्टँड घ्या, मग बाकीच्या हौसा. जमीन पक्की आणि सपाट हवी. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखालीही जाड फळी टाका. आणि खरं सांगायचं तर पिकअप इतकी उंच असते, की बारीक अंगाच्या माणसाला जॅक न लावताही खाली सरकता येतं. हे आम्हाला दुसऱ्या रविवारी सुचलं!

चहानंतर खालचं मूळ कव्हर काढलं. बऱ्याच गाड्यांना कंपनी खाली काहीतरी लावून देते, पण ते बरेचदा चिखलपाणी उडू नये म्हणून असतं, दगडासाठी नाही. आमच्या गाडीचं प्लास्टिकचं निघालं आणि त्या रात्रीच्या दगडाने त्याला सरळ भोक पाडलेलं. ते काढल्यावर चासीच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉसमेंबर, मोकळ्या झाल्या. पुढच्यावर चार, मागच्यावर दोन, अशी सहा आटेदार भोकं कंपनीनेच दिलेली होती. काकांचा चेहरा खुलला.

कारण सरळ आहे. धक्का बसतो तेव्हा तो कुठेतरी जायला हवा. प्लेट चासीला धरलेली असेल तर धक्का चासीत जातो, जी त्यासाठीच बनलेली असते. काही हुशार लोक चेंबरच्या किंवा गिअरबॉक्सच्याच बोल्टला प्लेट लटकवतात. म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याच डोक्यावर ओझं! चासीला नवी भोकं पाडू नका आणि वेल्डिंग तर अजिबात नको. चासी कमजोर होते, शिवाय वेल्डिंगचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काय करेल याचा नेम नाही.

साचा घेताना काकांनी दादाला प्लेट आणि चेंबर यांच्यात बोटभर जागा ठेवायला लावली. इंच म्हणा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, ते हलतं. दगड लागला की प्लेट थोडी आत दबते. दोन्हींना जागा हवी, नाहीतर दगडाऐवजी प्लेटच चेंबर फोडायची.

आनंदनगरचा पत्रा

साचा घेऊन आम्ही अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत गेलो. एक लहान शेड. लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग असं सगळं आसपास होतं. इथे पोलाद की अॅल्युमिनियम, यावर दादा आणि काकांची चांगलीच जुंपली. गंमत म्हणजे इतकं सलग बोलताना त्या दोघांना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दादाने रात्रभर वाचून ठेवलं होतं की जगभरचे ऑफ-रोडवाले अॅल्युमिनियम वापरतात, हलकं असतं म्हणून. काकांनी शेडच्या भिंतीवर खडूने हिशोब मांडला. एक चौरस मीटर पोलादी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल, तर वजन ७.८५ किलो. आमची प्लेट ७५ सेंटिमीटर बाय ६०, म्हणजे ०.४५ चौरस मीटर. तीन मिलिमीटर पोलाद घेतलं तर साडेदहा किलोच्या थोडं वर. अॅल्युमिनियमचा हाच आकडा २.७, पण ते नरम, म्हणून सहा मिलिमीटर घ्यायला हवं, तर सव्वासात किलोच्या आसपास. वाचले तीन किलो.

"तीन किलोसाठी दुप्पट पैसे?" काका.

"आणि गंज?" दादा.

"रंग कशाला असतो?"

दादाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, मी ते लिहिणार. अॅल्युमिनियम गंजून खाली पडत नाही आणि दगडावर घरंगळतंही बरं, असं अनुभवी लोक सांगतात. पण पोलादी चासीला पोलादी बोल्टने अॅल्युमिनियम जोडलं आणि वर आपली कोकणपट्टीची दमट हवा, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात अॅल्युमिनियम कुरतडलं जातं. मधे रंग, नाहीतर प्लास्टिकचे वॉशर घालायला लागतात. आमचं ठरलं तीन मिलिमीटर पोलाद. कारण उघड होतं. खडू काकांच्या हातात होता.

प्लेटला पुढे वर वळवलेला ओठ, मधे एक हलका बेंड, ज्यामुळे तेवढ्याच जाडीत ताठपणा वाढतो. इंजिन ऑइल बदलायच्या नटासमोर हात जाईल एवढं गोल भोक, फिल्टरखाली दुसरं. हवा खेळायला आणि पाणी गळायला लांबट चिरा. बोल्टची भोकंही गोल नाही, किंचित लांबट, म्हणजे बसवताना इकडेतिकडे सरकवता येतं. पत्रा वजनावर, मजुरी वेगळी आणि वर काळा पावडर कोट. सगळं मिळून चार हजारांच्या आत. लाल प्लेटपेक्षा बरंच स्वस्त!

दुसरा रविवार : दोन आटे आणि थांबा

प्लेट जाड, म्हणून मूळ बोल्ट आखूड पडणार होते. दादा आदल्या संध्याकाळी जाऊन उल्हासनगरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दहा मिलिमीटरचे सहा बोल्ट घेऊन आला. डोक्यावर ८.८ लिहिलेलं आहे ना, एवढं त्याने तपासलं होतं. बरोबरच तपासलं होतं. पहिला ८ म्हणजे बोल्ट तुटेपर्यंतची ताकद ८०० मेगापास्कल, आणि बिंदूनंतरचा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणावर तो कायमचा लांबायला लागतो. डोक्यावर काहीच न लिहिलेला बोल्ट अशा कामाला घेऊ नका.

पहिला बोल्ट हाताने दोन आटे आत गेला आणि अडला. दादाने गोटी लावली, लांब दांडा लावला...

"थांब." काकांनी वरून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आणला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पिच गेज. पातळ पातळ दातेरी पात्यांचा जुडगा, नेलकटरसारखा उघडणारा. एक पातं नव्या बोल्टवर टेकवलं, १.५. दुसरं जुन्या बोल्टवर, १.२५.

झालं होतं असं, की बोल्टची जाडी तीच, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. आपल्या बाजारात दहा मिलिमीटरचा बोल्ट मागितला की साधारणपणे दीड मिलिमीटर पिचचा हातात येतो. जपानी पद्धतीच्या गाड्यांमध्ये सव्वा मिलिमीटरचे बारीक आटे सर्रास असतात. पानेही वेगळे, आपल्याकडे दहाच्या बोल्टला सतरा नंबरचा पाना, त्यांच्याकडे चौदाचा. जोर लावून बोल्ट घुसतो, नाही असं नाही. पण आतल्या नटचे आटे खाऊन घुसतो. आणि तो नट चासीच्या आत वेल्ड केलेला असतो, बदलायला गेलात तर काय काय कापावं लागेल ते विचारू नका. म्हणून जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जा. हा सल्ला फुकट आहे, पण आम्हाला अर्ध्या दिवसाला पडला.

दादा पुन्हा उल्हासनगरला. तो येईपर्यंत काकांनी त्या एका दुखावलेल्या नटमध्ये टॅप फिरवून आटे साफ केले. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, अर्धा पुढे, पाव मागे. मधेच थांबून मला दिला, "फिरव." मी मास मीडिया शिकलेली मुलगी. पण त्या पावफेऱ्यात धातूचा कीस तुटतो तेव्हा बोटांना जे कळतं ना, ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही.

या वेळी गाडी उचललीच नाही. दादा येताच जॅक चक्क प्लेटखाली लावला. मधे लाकडाचा ठोकळा, वर प्लेट, आणि हळूहळू उचलत भोकं जुळवली. नाहीतर साडेदहा किलोचा पत्रा छातीवर घेऊन एका हाताने बोल्ट शोधायचा, हा प्रयोग करून बघायची गरज नाही. सहाही बोल्ट आधी नुसत्या हाताने, सैल. एक जरी आधी आवळला तर सहाव्याचं भोक जुळत नाही. मग समोरासमोरचे दोन, मग पुढचे दोन, असं करत टॉर्क रेंचने ४५ न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावलं, म्हणून काकांनी त्यातून दोन आणखी कमी केले. ग्रीस लावल्यावर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, म्हणे.

सेक्रेटरी साहेब दोनदा येऊन गेले. एकदा तेलाचे डाग पडतील म्हणून, दुसऱ्यांदा स्वतःच्या हॅचबॅकला असं काही लागतं का म्हणून.

मग इंजिन सुरू केलं. खडखडाट! प्लेटची एक कड क्रॉसमेंबरला केसभर टेकत होती. रबराचा वॉशर घातला, आवाज गेला. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहिलं, काही घासत नाही ना. हे पाहणं विसरू नका.

पोलीस आणि पाणी

दोन प्रश्न मला ऑफिसवाल्या सगळ्या मित्रांनी विचारले. पहिला, हे कायद्यात बसतं का? बंपरपुढच्या बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं. त्या दांड्यांचा फटका पायी चालणाऱ्याला बसतो आणि गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का शोषतो, तेही नीट होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्किड प्लेट बुल बार नाही, पण म्हणून ती बंपरच्या पुढे काढून मिरवू नका. ती मागे आणि खाली राहू दे. शंका वाटली तर कल्याणच्या आरटीओत, आपल्या एमएच-०५ वाल्यांकडे, विचारून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी उत्तर मागा.

दुसरा प्रश्न, आता पाण्यातून जाता येईल का? नाही हो! प्लेट दगडासाठी आहे. पाणी इंजिनात खालून शिरत नाही, हवेच्या नळीतून शिरतं आणि सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतात. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, आठवतं ना? उल्हास नदीपुढे जिथे रेल्वे थांबते, तिथे तुमची पिकअप काय!

आणि एक. प्लेटवर चिखल साचतो आणि दिवाळीनंतर वाळकं गवत. गरम सायलेन्सरशेजारी वाळकं गवत म्हणजे आगीला निमंत्रण. महिन्यातून एकदा पाण्याचा फवारा मारा, चिरांमधून बोटं घालून साफ करा. बरेच जण प्लेट बसवतात आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत खाली बघत नाहीत. मग आत काय काय निघतं, ते गॅरेजवाल्यांना विचारा.

पुन्हा बारवी

पुढच्या शनिवारी आम्ही तोच रस्ता धरला. या वेळी दिवसाउजेडी, आणि काकाही सोबत, पुढच्या सीटवर. त्या रात्रीची जागा दादाला बरोबर आठवत होती. खड्डा तिथेच होता, दगडही असेल. दादाने गाडी जवळजवळ चालत्या माणसाच्या वेगाने नेली, तरीही खालून एकदा 'टण्ण' झालं. दादाने पहिल्यांदा डॅशबोर्डकडे पाहिलं, मग काकांकडे.

"चल पुढे," काका म्हणाले.

मुरबाडला मिसळ खाल्ली आणि परत आलो. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आत. घरी पोचल्यावर वहिनी आणि भाची वर गेल्या. दादाने न सांगता मागच्या चाकांना विटा लावल्या आणि पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरलं. काकांनी टॉर्क रेंच त्याच्या हातात दिला आणि स्वतः टॉर्च धरून गाडीशेजारी उकिडवे बसले.

प्लेटच्या ओठाजवळ वीतभर ओरखडा होता, काळ्या कोटातून खालचं पोलाद चमकत होतं. दादाने एकेक बोल्ट तपासला आणि आतूनच मोठ्याने सांगत गेला. सहापैकी चार जागचे हलले नाहीत. पुढचे दोन जेमतेम पाव फेरा फिरले आणि रेंच कट्ट वाजला.